टाकीतल्या दोघी जावा

टाकीमामा मला भेटायच्या अर्धा तास आधी त्यांचा वास मला भेटून गेला. चीजच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायला मी रुजू झालो, तो पहिला दिवस. वास फाटकातून आत आला, साऱ्या खात्यांत डोकावला, माझा जेवणाचा डबा हुंगला आणि समोरच्या खुर्चीत ठाण मांडून बसला. त्याच्या मागोमाग मामा आले. पाच फूट उंची, त्यातले दोन फूट गमबूट. कमरेला किल्ली.

"नाक सोडा," ते म्हणाले. "आठ दिवसांत सवय होते. मला एकवीस वर्षांत झाली नाही, पण तुम्ही तरुण आहात."

कारखान्याचं सांडपाणी म्हणजे दुधातल्या प्रथिनांचा नुसता गाळ. तसंच सोडलं तर मागचा ओढा सडतो. म्हणून ते आधी मामांच्या बंद टाकीत जाई आणि तिथले जिवाणू ते खाऊन टाकत.

"आत दोघी जावा नांदतात," मामा सांगत. "थोरली प्रथिनं फोडते आणि घरभर पसारा करते, आम्लांचा, वायूचा. धाकटी तो मुकाट्याने खाऊन संपवते. धाकटी रुसली की थोरली आपल्याच पसाऱ्यात गुदमरते. थोरली बसून राहिली तर धाकटी उपाशी."

"आणि तुम्ही कोण?"

"सासू. घर सोडून कुठे जाता येत नाही, ती."

टाकीला लागून मामांची खोली. चार पावलांत संपणारी, एकच खिडकी, तीही टाकीकडे उघडणारी. टाकीला आज किती पाणी पाजायचं, हे मामा झाकणाशी वाकून वासावर ठरवत. टाकीची तब्येत दाखवणाऱ्या भिंतीवरच्या मीटरवर त्यांची टोपी टांगलेली असे. हाताखाली शिकायला पाठवलेल्या तिघांना त्यांनी एकच शेरा मारून परत धाडलं होतं, "याला नाक नाही."

"मामा, तुमच्याशिवाय टाकी चालायची नाही," मॅनेजर म्हणायचे. पहिली काही वर्षं हे ऐकून मामा फुगत. मग त्यांच्या लक्षात आलं, की रजेचा अर्ज दिला की हेच वाक्य परत येतं.

मुलीला मुलगी झाली. मुलगी राहायची रेल्वेने आठ तासांवर. तिचं घर मामांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"अहो, त्या दोघींची उस्तवार एकवीस वर्षं केलीत," मामी कडाडल्या. "पोटच्या पोरीचं बाळ तरी एकदा बघा!"

चार दिवसांची रजा मिळाली. तेवढे दिवस सांडपाणी शेजारच्या हौदात साठवायचं ठरलं. निघायच्या आदल्या दुपारी मामांनी मात्र टाकीत एकदम चार दिवसांचं खाणं सोडलं.

"मामा, हे जरा जास्त होत नाही का?" मी विचारलं.

"तुम्ही घर सोडताना घरच्यांना उपाशी ठेवता?"

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या स्टेशनावर त्यांचा फोन वाजला. फेस झाकण उचलून, भिंत ओलांडून रस्त्यावर उतरला होता. मॅनेजर ओरडत होते, "मामा, तुमच्या जावा घराबाहेर पडल्या!" मामा गाडीतून उतरले. लोकरीचं टोपडं असलेली पिशवी मामींकडे देऊन मिळेल त्या गाडीने परत आले. मामी एकट्याच पुढे गेल्या.

इतकी प्रथिनं एकदम सडल्यावर अमोनिया माजला आणि त्याने आधी धाकटीच आडवी झाली. मामांनी दुसऱ्या कारखान्याच्या टाकीतला गाळ विरजण म्हणून आणला आणि आजारी माणसाला पेज पाजावी तसं बेताबेताने पाणी सोडत राहिले. धाकटी वाढते सावकाश. तिला उठून बसायला तीन महिने लागले.

"म्हणून म्हणतो मामा, तुमच्याशिवाय..." मॅनेजरनी सुरुवात केली.

"हो," मामा म्हणाले. या वेळी ते फुगले नाहीत. मीटरवरची टोपी काढून त्यांनी डोक्यावर घातली. शिकायला पुन्हा कुणी पाठवा, असं त्यांनी तीनदा सांगितलं. कुणी आलं नाही.

नात आता सहा वर्षांची आहे. गेल्या महिन्यात आईबरोबर तीच आली, टाकीपाशी नाकाला रुमाल लावून चार मिनिटं उभी राहिली आणि परत गेली. मामांची नोकरी कंपनीने आणखी दोन वर्षं वाढवली आहे.