चौरंगावरचा लॅपटॉप

माझी सारी नोकरी न्यायालयाच्या लिपिक वर्गात गेली. वकील मी नव्हतो. तरीही आखाडा बाळापुरात लोक मला वकीलसाहेब म्हणत, कारण वीजबिल वाढून आले किंवा एसटी थांब्यावर न थांबता निघून गेली, की तक्रारअर्ज माझ्याकडूनच लिहून घेतला जाई. स्वभाव संतापी. अन्याय दिसला की आधी कागद ओढायचा, चहा नंतर. माझ्या प्रत्येक अर्जात एक वाक्य ठरलेले असे : 'अर्जदाराकडून कोणताही निष्काळजीपणा झालेला नाही.'

हे अर्ज ज्या टाइपरायटरवर उतरत, त्याची मी दर खंडेनवमीला पूजा करीत असे. चौरंगावर तो, शेजारी विळा, अडकित्ता आणि कायद्याची पुस्तके. फुलाने पाणी शिंपडायचे, कुरुंदा गावची हळद कालवून लावायची, कुंकू, अक्षता वाहायच्या. दसरा उलटला की रॉकेलच्या फडक्याने पुसून काढायचे. नव्वदच्या दशकाची सारी वर्षे त्या लोखंडाने हळद-पाणी निमूट सोसले.

पुढे माझ्या निवृत्तीनंतर लेकीने लॅपटॉप घेतला, स्वतःच्या पगारातून साठवून. महाविद्यालयातली तासिका तत्त्वावरची नोकरी सोडून तिला घरी बसून भाषांतराचे काम करायचे होते. "घरी बसून कसली नोकरी?" असे मी चारचौघांत म्हटले होते. औरंगाबादच्या एका संस्थेने तिला आरोग्याची एक पुस्तिका नमुन्यादाखल मराठीत करायला दिली होती. ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पोचली आणि पसंत पडली, तर कायमचे काम मिळणार होते. शेवटची काही पाने तेवढी उरली होती.

नवमीच्या सकाळी ती आईबरोबर बाजारात गेली होती. मी चौरंग मांडला आणि टाइपरायटरशेजारी तिचा लॅपटॉप ठेवला. मिटलेल्या हत्याराची पूजा कसली, म्हणून तो उघडला. तिच्या कामाला मी उघडपणे कधी बरे म्हटले नव्हते; निदान देवासमोर तरी म्हणावे, असा विचार होता. झेंडूने पाणी शिंपडले, हळद लावली, मूठभर अक्षता वाहिल्या. मग उपरण्याने पुसून जागेवर ठेवून दिला.

दुपारी तिची हाक आली.

"बाबा, हे काहून असं करून राहिलंय?"

पडद्यावर पासवर्डचा रकाना उघडलेला. ती बटणे दाबत होती, अक्षर उमटत नव्हते. खालच्या चौकोनावरून बोट फिरवले तरी बाण जागचा हलेना.

मला तत्क्षणी कळायला हवे होते. कदाचित कळलेही होते. पण माझा संताप माझ्या आधी पोचला. "वॉरंटीचा कागद आण," मी म्हणालो. "सदोष माल विकलाय. ग्राहक मंचात खेचतो त्याला!"

"आधी फोन तर करा," बायको म्हणाली. "सणासुदीला कोर्ट कशाला?"

लॅपटॉप विकणारा हिंगोलीचा दुकानदार जुन्या व्यापारी घराण्यातला, बोलायला गोड. माझे कलमासहित भाषण त्याने ऐकून घेतले आणि विचारले, "बराबर आहे साहेब. पण पाणी-बिणी तर न्हाई गेलं ना आत?"

"आमच्या घरात कोणी निष्काळजीपणा करीत नाही," मी म्हणालो.

साक्षीदार प्रश्नाला अशी बगल देताना मी आयुष्यभर पाहिले होते. लेकीने मान वर केली, माझ्या पिवळ्या बोटांकडे पाहिले आणि माझ्या हातातून फोन घेतला.

त्याने सांगितले तसे ती करीत गेली. बंद करून चार्जर काढला, मागची बॅटरी काढली, सुरू करायचे बटण थोडा वेळ दाबून धरले, बॅटरी पुन्हा बसवली. काही नाही. चौकोन बंद-चालू करणारे बटण दाबून पाहिले. काही नाही. "बाहेरचा कीबोर्ड अन् माऊस लावून बघा," तो म्हणाला. शेजाऱ्यांच्या संगणकाचे दोन्ही मागून आणले. जोडताच बाण सरकला, पासवर्ड उमटला, तिची पाने उघडली. बायकोने देवाला हात जोडले.

"म्हंजे मशीन जित्ती आहे," तिकडून आवाज आला. "पाने पेन ड्राइव्हवर घ्या, मग बंद करून उपडी ठेवा."

तिने पाने काढून घेतली. लॅपटॉप बंद करून वर्तमानपत्रावर उपडा केला आणि हलकेच थोपटला. तांदळाचे दोन दाणे पडले, हळदीने माखलेले.

तिने दाणे उचलून देवापुढच्या ताम्हनात टाकले आणि फोनवर म्हणाली, "काका, पाणी गेलंय आत. माझ्याच हातून सांडलं."

खोटी साक्ष माझ्यासमोर झाली, माझ्यासाठी झाली, आणि मी हरकत घेतली नाही.

उरलेली पाने तिने शेजाऱ्यांच्या संगणकावर बसून पुरी केली. दसरा तिचा तिथेच गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने हिंगोलीला गेलो. नेट कॅफेतून काम रवाना करून दुकानात आलो. दुकानदाराने यंत्र उघडले, आत डोकावला आणि हसत तिला म्हणाला, "ताई, वकीलसाहेबाची लेक असून लॅपटॉपला आंघोळ घातली?"

तीही हसली. ते हसणे मला सहन झाले नाही.

"पाणी मी शिंपडले," मी म्हणालो. "अक्षताही मीच वाहिल्या. तिचा दोष नाही."

"दसऱ्यानंतर अशा मशिनी येतातच, साहेब. हळदीचा वास लपतो का?"

"मग फोनवर पूजेचे स्पष्ट विचारले का नाही?"

"विचारलं असतं तर नोटीस आली असती!"

दुकानातली सगळी हसली. नवा कीबोर्ड बसवून घेऊन आम्ही परतीची एसटी धरली. कळमनुरी मागे पडले. मग ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "तुमी सांगाल असं वाटलं नव्हतं."

ती रागावून म्हणाली असती तर मी उत्तर दिले असते. उत्तरे देण्यात माझी हयात गेली. पण ती सहज म्हणाली, पाऊसपाण्याची गोष्ट बोलावी तशी. लहानपणापासून तिने माझ्याविषयी हेच धरून ठेवले असणार, आणि ते खोडून काढायला माझ्याकडे आदल्या तासाभराचाच काय तो पुरावा होता.

काम तिला मिळाले. पुढच्या खंडेनवमीला तिने लॅपटॉप स्वतःच आणून चौरंगावर ठेवला, मिटलेला. "घ्या बाबा, करा पूजा." मी वर झेंडूचे एक फूल तेवढे ठेवले. पाण्याचा तांब्या तिने आधीच चौरंगापासून दूर सरकवला होता. ते माझ्या लक्षात आले नाही, असे तिला वाटले असावे.