वाण म्हणून सीडी

त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही, आणि करायचा विचारही नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. निमगाव सावाला आमची बायकांची छोटी संस्था होती. गावोगावच्या म्हाताऱ्यांकडून जात्यावरच्या ओव्या ऐकून आम्ही त्या कॉम्प्युटरवर उतरवत होतो. खोडदच्या होत्या, येडगावच्या होत्या, माझ्या आईच्याही होत्या. आई गेली तेव्हा ठरवलं, तिच्या वर्षश्राद्धाला ओव्यांचं पुस्तक काढायचं.

मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर बाजारपेठेतल्या एका दुकानदाराकडून घेतलेलं. त्याबरोबर कुलूप यायचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या मागे खोचायची अंगठ्याएवढी डबी. ती असेल तरच मराठी दिसायचं. त्याचा स्वतःचा छापखानाही होता, आणि आम्ही पुस्तक पुण्यात छापतोय हे त्याच्या कानावर गेलं. लगेच आला आणि "चेक करून आणतो" म्हणत डबी काढून घेऊन गेला. आईच्या ओव्यांच्या जागी पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं.

दुकानात गेले तर दुपारभर बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. मग म्हणाला, "बाई, जात्यावरच्या गाण्यांना कम्प्युटर कशाला? जातं घ्या की एखादं!" गिऱ्हाईकं हसली. ते हसणं माझ्या डोक्यात गेलं ते गेलंच. वर्षश्राद्ध पुस्तकाविना झालं.

खोडदला आकाशातले रेडिओ संकेत टिपणारी मोठी दुर्बीण आहे, तिथं कामाला असलेल्या एक बाई आमच्याकडे यायच्या. त्यांनी लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी कॉम्प्युटर चालवणाऱ्या सिस्टिमची, सीडी दिली. फुकट, बिनकुलपाची, आणि हव्या तितक्या जणांना वाटायची मुभा. ओव्यांची थोडी छापील पानं कपाटात होती. ती समोर ठेवून, पडद्यावरचं कोणतं चिन्ह म्हणजे कोणतं अक्षर, हे आम्ही तांदळातले खडे निवडावेत तसं निवडत बसलो. त्यावरून बाईंनी एक प्रोग्रॅम लिहिला आणि सगळ्या ओव्या परत आल्या. आईची पहिली ओळ दिसली तेव्हा मी रडले. मग डोळे पुसले आणि त्याच्या मागे लागले.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही दरवर्षी वाण म्हणून चहाची गाळणी नाहीतर साबणाची डबी लुटायचो. त्या वर्षी सीड्या लुटल्या. त्यांत लिनक्स, मराठी फॉन्ट आणि आमच्या ओव्या. आमंत्रणं मी वेचून दिली. पतसंस्था, बालवाडी, डेअरीचं ऑफिस, जिथं जिथं त्याची डबी खोचलेली होती तिथली प्रत्येक बाई बोलावली. तोंडानं "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणत होते आणि मनात एकेक डबी उपटत होते.

त्याच्या बायकोलाही बोलावलं. तिचं माहेर येडगाव, तिच्या आईच्या ओव्या आमच्याकडे होत्या. तिची ओटी भरली आणि वर सीडी ठेवली.

उन्हाळ्यापर्यंत बऱ्याच डब्या त्याच्या काउंटरवर परत येऊन पडल्या. मला बरं वाटलं. लई बरं वाटलं.

मग एक दिवस त्याची बायको दारात. "ताई, आनखी एक सीडी हाय का? ह्यांनी मोडली. आईच्या ओव्या व्हत्या वं तिच्यात."

तिला मी बाहेर बसवलं नाही. घरात घेतलं, चहा दिला आणि चांगल्या पाच सीड्या करून तिच्या पिशवीत घातल्या.

"एक तुला," म्हटलं. "बाकीच्या त्यांना दे. मोडायला."