गो बाय, मागे बघ

आधीच सांगते, मी क्वालिटीची माणूस आहे. सोळा वर्षं एकच काम केलंय. कोणी काही सांगितलं की विचारायचं, "पुरावा दाखवा." बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी भुताखेताचे व्हिडिओ टाकले की पहिला हसण्याचा इमोजी माझा असतो. असल्या अनुभवांचं हे सदरही मी आजवर चहाबरोबरची करमणूक म्हणूनच वाचत आले... आणि आता स्वतःच लिहायला बसलेय. अवघडल्यासारखं होतंय, पण जे झालं ते झालं.

आम्ही शारजात राहतो, रोल्लाच्या मागच्या गल्लीत. ऑफिस दुबईत. सकाळी सहाला निघाले तर पाऊण तासात पोचते, सातला निघाले तर काही खरं नाही. आमची कंपनी कम्युनिकेशन सॅटेलाइट चालवते. कंपन्यांची नावं आणि रॉकेट कुठून उडतं तो देश सांगणार नाही, करारात तसं आहे.

काम थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सॅटेलाइट आमचा, पण रॉकेट दुसऱ्या कंपनीचं. रॉकेटचा खालचा मोठा भाग, म्हणजे बूस्टर, उड्डाणानंतर परत येऊन जमिनीवर उतरतो. मग त्याची साफसफाई, तपासणी, लागेल ती दुरुस्ती करून तोच पुन्हा वापरतात. आमच्या वाट्याला आलेला बूस्टर आधी चार वेळा जाऊन आला होता. त्याची तपासणी ते लोक तिकडे करतात. आम्ही गिऱ्हाईक म्हणून इथे बसून व्हिडिओ कॉलवर बघतो, प्रश्न विचारतो आणि शेवटी "आमची हरकत नाही" म्हणून सही करतो. ती सही माझी.

गेल्या वर्षीची गोष्ट. मला इथे लागून पाचच महिने झाले होते, प्रोबेशन चालू होतं. त्यात आदल्या महिन्यात मिलिंदच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, कंपनीने इथली ब्रँच बंद केली. त्याचा आणि आमच्या दहा वर्षांच्या इराचा व्हिसा माझ्या नोकरीवर घेतला. म्हणजे माझी नोकरी गेली असती तर तिघांनीही बॅगा भरायच्या. हे मुद्दाम सांगतेय, कारण त्या दिवशी तोंड उघडायला मी का घाबरले ते त्याशिवाय समजणार नाही.

मंगळवार होता. संध्याकाळचे पाच, म्हणजे तिकडे सकाळ. खोलीत आम्ही तिघंच. मी, स्ट्रक्चरचं बघणारा बिजू आणि आमचा साहेब रामी. बिजू कोट्टायमचा, मराठीचा एक शब्द येत नाही, आम्ही हिंदीत बोलतो. रामी जॉर्डनचा, आवाज मोठा पण मनाने बरा. फोन बाहेर लॉकरमध्ये, कारण या कॉलला खोलीत फोन न्यायला बंदी असते. हेही लक्षात ठेवा, कारण नंतर सगळ्यांनी मला पहिला प्रश्न फोनचाच विचारला.

तिकडे हँगरमध्ये पाच जण होते. त्यांचा मॅनेजर कार्ल बोलत होता आणि ट्रॉय नावाचा टेक्निशियन हेल्मेटला कॅमेरा लावून बूस्टरच्या मागच्या टोकाला, इंजिनांच्या वरच्या भागात फिरत होता. आमचा कॅमेरा बंद, माइक बंद. त्यांच्या स्क्रीनवर आमचं नाव फक्त "कस्टमर रूम टू".

तासभर सगळं सुरळीत चाललं होतं. चेकलिस्टवर एकेक टिक पडत होती. ट्रॉय पाइपांच्या एका जुडग्यासमोर आला, कार्लने आकडे वाचले, मी टिक केलं आणि पान उलटलं.

तेवढ्यात स्पीकरमधून आवाज आला. "गो बाय, मागे बघ. तडो गेलो हा."

मालवणी. अगदी स्वच्छ. वयस्कर पुरुषाचा, जरासा घोगरा आवाज. घाई नाही, ओरडणं नाही. शेजारी उभं राहून बोटाने दाखवावं तसं.

माझी आई कुडाळची, त्यामुळे मला मालवणी बोलता आलं नाही तरी कळतं. पहिला विचार काय आला सांगू? भुताचा नाही. वाटलं, अरे वा, तिकडे कोणीतरी आपलं माणूस कामाला आहे! मग अर्थ डोक्यात शिरला. तडा गेलाय.

स्क्रीनवर ट्रॉय थांबला होता. कॅमेरा किंचित मागे वळला आणि परत पाइपांवर आला. कार्ल पुढचा मुद्दा वाचायला लागला.

माझा हात माइकच्या बटणावर गेला आणि तिथेच राहिला. काय सांगणार होते मी? स्क्रीनवर काहीच दिसत नव्हतं. चकचकीत पाइप, त्यांना धरून ठेवणारी ब्रॅकेट्स, सगळं ठाकठीक. पण पाचेक सेकंदांनी मी बटण दाबलंच. म्हटलं, "सॉरी, मागच्या पॉइंटवर परत जाऊ या. त्या पाइपांची मागची बाजू बघायची आहे मला."

कार्ल म्हणाला, "मागची बाजू चेकलिस्टमध्ये नाही. त्यासाठी पॅनल काढावं लागेल, अर्धी शिफ्ट जाईल. ही फॉर्मल रिक्वेस्ट आहे का?"

फॉर्मल रिक्वेस्ट म्हणजे लेखी नोंद, तिकडचं काम थांबणार, उड्डाणाची तारीख हलू शकते. रामीने माइक बंद केला आणि माझ्याकडे वळला.

"स्वाती, काय दिसलं तुला?"

"दिसलं नाही. पण बघायला हवं."

"हबीबती, तारीख गेली तर मला वर जाऊन उत्तर द्यायचंय. मला एक कारण दे."

मी म्हटलं, "चार वेळा जाऊन आलेला बूस्टर आहे. पुढची बाजू चार वेळा बघितलीय, मागची एकदाही नाही." हे खरं होतं, पण त्या क्षणी सुचलेलं होतं.

रामीने दोन्ही हातांनी तोंड चोळलं. "तुझ्या नावावर टाकतोय," म्हणाला आणि माइक चालू केला. "येस. फॉर्मल."

कॉल संपला. मी फाइल गोळा करत होते, तेव्हा बिजूने हिंदीत सहज विचारलं, "वो बीच में कौन बोला? तेरी भाषा थी ना?"

माझ्या हातातलं पेन खाली पडलं. खोटं कशाला सांगू.

रामीने काही ऐकलं नव्हतं. तो त्या वेळी मेल बघत होता, असं तोच म्हणाला. पण तो मुळात टेस्ट इंजिनिअर. त्याने आम्हाला एक अक्षर पुढे बोलू दिलं नाही. दोघांना दोन कोरे कागद दिले, टेबलाच्या दोन टोकांना बसवलं आणि म्हणाला, "यल्ला, लिहा. एकमेकांशी बोलायचं नाही."

मी देवनागरीत लिहिलं. बिजूला शब्दांचा अर्थ माहीत नव्हता, त्याने जसे कानावर पडले तसे मल्याळम लिपीत उतरवले. मग रामीने त्याला मोठ्याने वाचायला सांगितलं. बिजू अडखळत वाचू लागला, "गो बाय... मागे बग... तडो गेलो हा..."

माझ्या कागदावर हेच होतं. रामी माझ्या तोंडाकडे बघत होता. पण बिजूचं वाचून संपलं नव्हतं. त्याच्या कागदावर आणखी एक ओळ होती. "ये बाद में बोला, जब तू माइक पे हाथ रख के बैठी थी. भियाव नको."

घाबरू नको.

ते मी ऐकलंच नव्हतं. मी वॉशरूममध्ये गेले आणि बराच वेळ नळाखाली हात धरून उभी राहिले. घरच्या सगळ्या काळजीत त्या महिन्याभरात मला असं कोणी म्हटलं नव्हतं. मिलिंदनेही नाही. तोच बिचारा घाबरलेला होता.

आमच्याकडे प्रत्येक कॉलचं रेकॉर्डिंग होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघांनी ते लावलं. तो आवाज त्यात नाही. कार्ल आकडे वाचतो, मग शांतता, मग कार्ल पुढचा मुद्दा सुरू करतो. आयटीवाल्याने ध्वनीचा आलेख काढून दाखवला, त्या जागी सपाट रेघ. मी जवळजवळ सुटकेचा निःश्वास सोडला... दोघांना एकाच वेळी भास होऊ शकतो, असं स्वतःला पटवतही होते. मग बिजू म्हणाला, "फिर से लगा. वॉल्यूम बढ़ा."

आवाज पूर्ण वाढवल्यावर त्या शांततेच्या शेवटी ट्रॉय ऐकू येतो. अगदी हळू, कॅमेरा मागे वळतो त्याच क्षणी. तो म्हणतो, "सॉरी?" आपल्याला कोणी हाक मारली आणि नीट ऐकू आलं नाही की म्हणतो तसं. त्याच्या मागे रिकामी शिडी आहे.

रामीने कार्लला मेल करून साधा प्रश्न विचारला, त्या वेळी हँगरमध्ये कोण कोण होतं, कोणी भारतीय आहे का. उत्तर आलं : त्या भागात परदेशी माणसाला पाऊल ठेवता येत नाही, कायदा तसा आहे. पाचच जण होते, पाचही स्थानिक. ट्रॉयला विचारलं, तर तो म्हणाला, मागून कोणीतरी बोलल्यासारखं वाटलं, पण रेडिओची खरखर असेल.

गुरुवारी पॅनल काढलं. मी कॉलवर होतेच. मधल्या दोन रात्री झोप आली नव्हती ते वेगळं. ट्रॉयने पाइपांमागे लहान आरसा घातला. काही नाही. साफ. मग त्यांनी डाय टेस्ट केली. लाल रंग लावतात, पुसतात, वर पांढरी पावडर मारतात. कुठे चीर असेल तर आत मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. दहा मिनिटं थांबायचं असतं. त्या दहा मिनिटांत मी मनातल्या मनात शारजातलं घर आवरायला घेतलं होतं.

दाबाची नळी धरून ठेवणाऱ्या एका ब्रॅकेटच्या मागच्या वेल्डवर केसाएवढी लाल रेघ उमटली. बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी.

"वेल," कार्ल म्हणाला, "आय विल बी..."

ती चीर उड्डाणात काय करणार होती? कदाचित काहीच नाही. कदाचित नळी हादरून सुटली असती. कोणी छातीठोक सांगू शकत नाही, मीही सांगणार नाही. ब्रॅकेट बदललं, तशीच बाकीची सगळी तपासली, तारीख नऊ दिवस पुढे गेली. माझ्यावर कोणी रागावलं नाही. उलट पुढच्या महिन्यात प्रोबेशन संपल्याचं पत्र आलं.

आता बंडूमामाबद्दल. हा माझ्या आईचा चुलतभाऊ, वेंगुर्ल्याचा. बावीस वर्षं खोर फक्कानच्या बंदरात क्रेनचा मेकॅनिक आहे. माझ्या माहितीत या देशात माझ्याशी मालवणी बोलणारा माणूस एवढाच. अर्थात माझा पहिला संशय त्याच्यावर होता, कुठून तरी त्याचाच आवाज घुसला असेल म्हणून. पण त्याचा आवाज पातळ आहे, आणि त्या मंगळवारी सहा वाजता तो क्रेनवर ड्युटीला होता. तरी शनिवारी आम्ही त्याच्याकडे गेलो. त्याने सुरमई तळली होती. जेवताना मी सगळं सांगितलं. मामा शांतपणे काटे काढत ऐकत होता.

"तुजा नाव घेतल्यान?" त्याने विचारलं.

"नाही."

"मगे तुकाच सांगता हा, ह्या तुका कसा कळला?"

मी म्हटलं, "'गो' म्हणाला ना. कॉलवर बाई मी एकटीच होते." बोलताना माझं मलाच लक्षात आलं की आमचा कॅमेरा बंद होता आणि तोवर मी एक शब्दही बोलले नव्हते.

मामाने मान हलवली. घाबरला नाही, हात जोडले नाहीत, काही नाही. इराच्या ताटात माशाचा तुकडा ठेवला आणि म्हणाला, "थँक्यू म्हटलंस?"

"कोणाला?"

"ता माका म्हायत नाय. पण म्हणूक होया होता."

"आई, हू आर यू थँकिंग?" इराने विचारलं.

उड्डाण व्यवस्थित झालं. आमचा सॅटेलाइट आता जागेवर आहे, काम करतोय. बूस्टर परत येऊन उतरला. ऑफिसात सगळे टाळ्या वाजवत होते, तेव्हा मी स्क्रीनकडे बघून हळूच "थँक्यू" म्हटलं. शेजारी उभा असलेल्या बिजूने ऐकलं आणि दुसरीकडे बघितलं. तो म्हणतो, देवाचा माणूस होता. रामी या विषयावर बोलतच नाही.

नंतर एक शेवटचा फॉर्म भरायचा होता, सापडलेल्या प्रत्येक दोषासाठी एक. त्यात एक रकाना असतो : दोष प्रथम कशामुळे लक्षात आला? निवडायला चार पर्याय. नजरेने, मोजमापाने, सेन्सरने, इतर. "इतर" निवडलं की खाली एक चौकोन उघडतो, त्यात स्पष्टीकरण लिहिल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. मी तो चौकोन तीनदा उघडला. एकदा तर "आवाज" असं टाइपही केलं. मग पुसलं आणि "नजरेने" निवडून सही केली.

सोळा वर्षांत मी सही केलेल्या कागदांवर तेवढा एकच शब्द खोटा आहे. खरा कोणता लिहायचा होता, ते मला आजही माहीत नाही.