बूड नसलेलं जाळं

उंचीच्या बाबतीत मी घरात कुणाचंच ऐकलं नाही. दहावीत असतानाच मला बाबांच्या डोक्यावरून पलीकडचं दिसायला लागलं होतं, म्हणून पनवेलच्या आमच्या शाळेने मला बास्केटबॉलच्या मैदानावर नेऊन उभं केलं. बाबा खाडीत मासेमारी करणारे. माझ्या खेळाबद्दल ते चांगलं बोलत नसत आणि वाईटही बोलत नसत. याचा मला फार राग यायचा.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी एका कंपनीच्या संघाचे कोच मला बघायला येणार होते. त्यांच्या पसंतीला उतरले तर खेळाडू म्हणून पगारी नोकरी मिळणार होती, पण त्यासाठी दुसऱ्या शहरात राहावं लागणार होतं. 'बघायला येणार' म्हटल्यावर आईने पोहेच भिजत घातले. तिला सगळं नीट समजावून सांगावं लागलं.

बाबांनी एवढंच विचारलं, "कुठं बघनार?"

मैदानावर, म्हटलं. तिथली रिंग कळंबोलीच्या लोखंड बाजारातून जोडून आणलेली, दणकट होती. पण तिच्या जाळीच्या कधीच चिंध्या झाल्या होत्या.

त्या रविवारी सकाळी मी पोचले, तर रिंगला नवीकोरी हिरवी जाळी लागलेली आणि बाबा भिंतीला टेकून उभे. ते मैदानावर आलेले मी पहिल्यांदाच बघत होते. माझा सगळा राग तिथेच विरघळला.

कोचना पुढे पुण्याला जायचं होतं. "अर्धा तास आहे माझ्याकडे, चला," ते म्हणाले. मी धावत गेले, उडी मारली आणि चेंडू अलगद रिंगमध्ये सोडला. तो आत गेला, पण खाली काही आला नाही. बाबांनी जाळीचं बूड पक्कं शिवून टाकलं होतं.

मैदानभर हशा पिकला. कोच चष्मा काढून डोळे पुसत होते. मला मात्र रडू फुटायच्या बेतात होतं. कुणीतरी बांबूने ढोसून चेंडू बाहेर काढला.

"बाबा, बूड कशाला शिवलंत?"

"बूड नाय तं मावरं राहील कसं जाल्यात?"

"बाबा, यातून चेंडू खाली पडायला पाहिजे."

ते स्टुलावर चढले, कमरेचा चाकू काढला आणि स्वतःच्या हाताने घातलेली शिवण कापून काढली. "खेल आता, बाय," म्हणाले.

त्यानंतर माझा एकही चेंडू चुकला नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. दोन चुकले. तरी नोकरी मिळाली.

पुढे बारा वर्षं मी त्या संघातून खेळले, देशभर फिरले, काचेच्या बोर्डांवर चेंडू आपटले. सुट्टीत घरी आले की बाबा आल्यागेल्याला ऐकवायचे, "बूड मीच उघडलं, म्हनून ही निसटली." सगळे हसायचे, मीही हसायचे. एकदा हसता हसता त्यांचा आवाज अडकला. ते फक्त मलाच कळलं, आणि परत जाताना एसटीत मी भरपूर रडले.

गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याने हात टेकले. आता मी पनवेललाच असते आणि त्याच मैदानावर मुलींना शिकवते. आल्या आल्या बाबांना म्हटलं, "मी आले की परत. आता बांधा बूड."

ते मैदानासाठी नवी जाळी विणत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "नको. पोरी खेलतात तिथं. जाऊ दे त्यांना."