येळवशीची विषबाधा

चहा गरम आहे, सांभाळून प्या. पुढचं ऐकताना हसू येणार आणि चहा नाकात जाणार, म्हणून आधीच सांगते. हसायला माझी ना नाही. अख्खा गाव हसून बसलाय, तुम्हीच कशाला मागं राहताय?

मी सुनंदा, आमच्या गावची आशाताई. गाव लोहारा तालुक्यात. तालुक्याच्या दवाखान्यापासून किती किलोमीटर ते विचारू नका, कारण रस्ता असा आहे की किलोमीटरला काही अर्थ राहत नाही. आठ वर्षांत गावातल्या चाळीसेक बायांना मी बाळंतपणाला नेलं असंल. खरी कळ कुठली, खोटी कुठली, गाडी कधी बोलवायची, सगळं मला तोंडपाठ.

आणि लग्नाला दहा वर्षं होऊनसुद्धा माझी स्वतःची कूस उजवली नव्हती. बायका तोंडावर माझं ऐकून घ्यायच्या आणि पाठ फिरली की म्हणायच्या, "हिला काय कळतंय? हिला कुठं झालंय एक तरी?" गाव लहान, ते माझ्या कानावर यायचंच. लई लागायचं. मग मी आणखी जोर लावून अभ्यास करायचे, आणखी ठासून बोलायचे. हे ठासून बोलणंच पुढं नडलं.

तर अकराव्या वर्षी दिवस गेले. आमच्या घरात आनंद असा, की मला पाण्याचा तांब्यासुद्धा कुणी उचलू देईना. आणि जीव तेवढाच टांगणीला. हे एक मूल नीट हाती यावं, एवढंच सगळ्यांचं मागणं. डॉक्टर मॅडमनी कार्डावर तारीख लिहून दिली होती. ती तारीख येळवशीनंतर अठरा दिवसांनी येत होती.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. पुण्याकडच्या पाव्हण्यांना ही समजावून सांगावी लागते. त्या दिवशी आमच्याकडं घराला कुलूप आणि सगळं कुटुंब रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पाच दगडांचे पाच पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग दिवसभर जेवायचं. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, शेंगाच्या पोळ्या. आणि आंबील. ताकात ज्वारीचं पीठ शिजवून आदल्या दिवशी आंबवायला ठेवतात ती. बांधावरून अनोळखी माणूस चालला असला तरी त्याला हाक मारून आंबील पाजायची, अशी रीत.

आमच्या आत्याबाईंची, म्हणजे सासूबाईंची, आंबील शिवारात नावाजलेली. लोक मुद्दाम आमच्या बांधावरून जायचे आणि आपल्याला कुणी बघतंय का ते बघत हळू चालायचे.

त्या दिवशी मी किती जेवले ते मी मोजलं नाही. आत्याबाईंनी मोजलं. "सुनंदा, चौथं वाडगं हाय हे," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "दोघांचं जेवतीय, आत्याबाई."

दोनच्या सुमाराला पोटात मुरडा आला. थांबला. मी म्हटलं, चौथं वाडगं बोलतंय. दहा मिनिटांनी परत आला. परत थांबला.

आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या. जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "कळा हायत या."

"छे. अजून अठरा दिवस हायत. कार्डावर तारीख हाय की."

"लेकराला वाचता येतंय का कार्ड?"

आता एवढं ऐकून तरी गप बसावं का नाही? पण मी आशाताई. चाळीस बायांना नेलेली. मी त्यांना पहिलटकरणीच्या कळांवर पाचेक मिनिटं भाषण दिलं. मधी एक मुरडा आला म्हणून थांबले, आणि तो गेल्यावर राहिलेलं भाषण पूर्ण केलं.

तेवढ्यात आमचे चुलतसासरे, भीमाअण्णा, तुरीच्या ओळींतून पोट धरून येताना दिसले. "आशाताई, पोटात लई गुबारा धरलाय गं. गोळी बिळी हाय का?" अण्णांनी सात वाडगी आंबील पिली होती. पण ते मला तवा सुचलंच नाही. त्यांच्या मागोमाग नणंदेची पोरगी लिंबाच्या झोक्यावरून उतरली आणि बांधावर भडाभडा ओकली.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलंय, एकाच जागी जेवलेल्या दोघातिघांना एकदम त्रास झाला की विषबाधा समजायची आणि ताबडतोब वर कळवायचं. भीमाअण्णा एक, पोरगी दोन, मी तीन. सगळे जेवले कुठं? इथं. सगळ्यांनी पिलं काय?

मी आंबिलीच्या बिंदग्याकडं, त्या घागरीकडं, बघितलं.

रेंज फक्त बैलगाडीवर उभं राहिलं की यायची. आमचे मालक म्हणाले, "अगं, या अवस्थेत गाडीवर कुठं चढतीस?" मी म्हटलं, "लोकांच्या जिवापुढं माझी अवस्था काय घेऊन बसलाय?" चढले. मॅडमला फोन लावला. सणाची एकटीच ड्युटी होती त्यांना. "मॅडम, सामुदायिक विषबाधा. तीन रुग्ण. आंबिलीतून."

"उरलेली कुणाला पिऊ देऊ नका. थोडा नमुना ठेवा. मी गाडी घेऊन निघते," मॅडम म्हणाल्या. माझ्यावर केवढा विश्वास त्यांचा! कशी काय, किती, एवढंसुद्धा विचारलं नाही.

खाली उतरून मी आत्याबाईंना सांगितलं, "आंबील सांडावी लागंल."

चाळीस वर्षं त्या बाईनं आंबील केली, कुणी नाव ठेवलं नव्हतं. येळवशीला रानात लक्ष्मी येते म्हणतात, त्या दिवशी अन्न सांडायचं? त्यांनी बिंदगा उचलला, तुरीच्या मुळाशी नेला आणि ओतला. ओतताना डोळ्याला पदर लावला. मी ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. सांगायला लाज वाटते, पण मला त्या वेळी आपण किती कर्तव्यदक्ष आहोत असंच वाटत होतं. ओतायच्या आधीच पाण्याच्या बाटलीत थोडा नमुना काढून घेतला होता, त्याच्या झाकणावर मालकांचा रुमाल बांधून सील केलं.

मग मालकांना मोटारसायकलवर पिटाळलं. सकाळपासून आमच्या बांधावर जे जे आंबील पिऊन गेले, त्यांना गोळा करून आणा म्हटलं. ते रानारानातून ओरडत गेले, "आमची आंबील कुणी कुणी पिलीय, चला, तपासणी हाय."

आता तुम्हीच सांगा, सणाचं पोटभर जेवून आडव्या झालेल्या माणसाला कुणी विचारलं, तुमच्या पोटात काही होतंय का, तर तो काय म्हणणार? होतंयच की. अर्ध्या तासात कोपीपुढं वीस-बावीस माणसं पोट धरून आली. कुणी तुरीच्या सावलीत आडवं झालं, कुणी तिथंच बसून हरभऱ्याचे घाटे खात पोट दुखतंय म्हणायला लागलं. एक म्हातारी म्हणाली, "माझा गुडघा बी दुखतोय. त्ये बी लिवून घे."

मी वहीत सगळ्यांची नावं लिहिली, लक्षणं लिहिली. माझ्या नावापुढं मुरडा यायच्या वेळासुद्धा लिहिल्या, आधीच्या आठवून, पुरावा पक्का असावा म्हणून. दोन दहा. दोन वीस. दोन एकोणतीस. दोन सदतीस. एवढं नीटनेटकं रेकॉर्ड मी आयुष्यात ठेवलं नव्हतं. मुरडा आला की बैलगाडीचं चाक धरायचं, दात आवळायचे, घड्याळ बघायचं, लिहायचं आणि पुढच्या रुग्णाकडं वळायचं.

आत्याबाई कोपीच्या दारात बसून हे सगळं बघत होत्या. एकदा म्हणाल्या, "सुनंदा, खाली बस गं." मी म्हटलं, "माझी माणसं दुखण्यात असताना मी बसू?"

साडेतीनला मॅडमची गाडी धूळ उडवत आली. मॅडम उतरल्या, सोबत सलाईनचं खोकं. बघतात तर रानात माणसंच माणसं झोपलेली. त्यांचा चेहरा उतरला. पहिल्यांदा भीमाअण्णांचं पोट दाबलं. अण्णांनी एक ढेकर दिला. अख्ख्या शिवाराला ऐकू गेला असंल. अण्णा उठून बसले आणि म्हणाले, "मोकळं झालं बघा बाई. देवमाणूस हाय तुमी."

पोरगी तोवर परत झोक्यावर चढली होती.

मॅडमनी बाकीच्या दोघातिघांना तपासलं आणि माझ्याकडं वळल्या. "आशाताई, वही दाखवा." वही चाळता चाळता थांबल्या. "हे काय आहे?"

"माझ्या पोटातल्या मुरड्याच्या वेळा, मॅडम. पुराव्याला."

"आधी दर दहा मिनिटांनी. मग आठ. मग सहा. आता पाच." मॅडमनी वही मिटली. "आंबील घड्याळ बघून चढते का हो?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिथंच, वीस-बावीस माणसांच्या पुढं, माझं पाणी गेलं.

मग काय झालं ते मला तुटक तुटक आठवतंय. सगळे रुग्ण ताडकन उठून उभे राहिले हे आठवतंय. एकाचंही पोट दुखत नव्हतं. भीमाअण्णांनी गाडीचं दार उघडलं. आत्याबाईंनी मला काखेत हात घालून उचललं आणि आत बसवलं. चाळीस बायांना मी ज्या गाडीतून नेलं, तिच्यात पहिल्यांदा आडवी झाले आणि मला कळलं की हे छत लई खालच्या अंगाला आहे आणि कळ काय असते ते मला कधीच माहीत नव्हतं.

वाटेत मी पोटाला धरून एकच बडबडत होते. अकरा वर्षं थांबलीय मी, आता माझ्या शहाणपणापायी काही होऊ देऊ नका. मॅडम म्हणाल्या, "बोलू नका, श्वास घ्या." हे वाक्य मी चाळीस बायांना सांगितलेलं. किती फालतू वाटतं ऐकताना!

अर्ध्या रस्त्यात मॅडमना आठवलं, "तो नमुना कुठं आहे?" ड्रायव्हरनं आरशातून बघितलं आणि मिशी पुसली. सकाळपासून ड्युटीवर होता बिचारा, येळवशीचा घास पोटात नव्हता. "मॅडम," तो म्हणाला, "आंबील झ्याक हाय."

दवाखान्यात पोचल्यावर अर्ध्या तासात पोरगी झाली. नाळेचा वेढा होता गळ्याला. लगेच रडली नाही. तो जो वेळ गेला, तेवढा लांब वेळ मी कधी बघितला नाही. मग ती रडली आणि तिच्यापेक्षा मोठ्यानं मी रडले.

नंतर मॅडम पलंगाजवळ आल्या. म्हणाल्या, "पाणी गेल्यावर तुम्ही फोन केला असता, तर मी यायला तास लागला असता. आज तुमच्या गावात एक जीप जागेवर नव्हती, सगळे ड्रायव्हर रानात. तुमची विषबाधा खोटी होती म्हणून पोरगी वाचली." रानातच झाली असती तर तो वेढा कुणी सोडवला असता?

आत्याबाई पोरीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, "आत्याबाई, चुकलं माझं. सणाच्या दिवशी तुमची आंबील सांडायला लावली."

"सांडली कुठं? रानानं पिली. रान बी आपलंच हाय," त्या म्हणाल्या. आणि पोरीचं नाक बघत बसल्या. दहा वर्षं गावाची बोलणी त्यांनीसुद्धा ऐकली होती, मला एका शब्दानं कधी बोलल्या नव्हत्या. मी त्यांच्या पायाला हात लावायला गेले तर म्हणाल्या, "पड गप. टाकं हायत."

इथं गोष्ट संपायला पाहिजे होती. पण सरकारी काम असं संपत नाही. विषबाधेची सूचना एकदा वर गेली की नुसतं 'चुकून झालं' म्हणून चालत नाही. कागद रीतसर बंद करावा लागतो. पोरगी बारा दिवसांची झाली तेव्हा मॅडम स्वतः घरी आल्या, पोरीला बघितलं, चहा घेतला आणि पर्समधून कागद काढला. "सूचना तुम्ही दिली होती. तुमची सही लागते."

बाकीची बावीस नावं त्यांनी खोडली होती. मी वाचायला लागले. एकूण बाधित, एक. मृत्यू, निरंक. उपचार घेऊन सुखरूप घरी गेलेले, दोन.

मी मुकाट्यानं सही केली.

मॅडमना मात्र काळजी. कागद हातात धरून म्हणाल्या, "वरून फोन येणार. एक रुग्ण आला आणि दोन घरी कसे गेले म्हणून विचारणार. मी सांगू तरी काय?"

आत्याबाई पाळणा हलवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सांगा की, आमची सून लई शिकल्याली हाय."