सोळा बसवले, दिसले आठ

माझा स्वभाव चांगला नाही, हे आधीच सांगून टाकतो. कुणी पायावर पाय दिला तर मी तिथल्या तिथे भांडत नाही. घरी येतो, जेवतो आणि तो पाय कुणाचा होता ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवतो. बायको म्हणते, तुमच्या पोटात राग आंबत पडतो. पडू दे, माझं पोट आहे.

पनवेलच्या आसपास भातकापणी झाली की शेतांवर रोलर फिरतो आणि टेनिस बॉलचं क्रिकेट सुरू होतं. उलव्यापासून चिरनेरपर्यंत ज्याला त्याला आपल्या गावाचा चषक पाहिजे. हे सामने मोबाईलवर लाईव्ह दाखवणं हा माझा धंदा. मांडवात टेबल, टेबलावर माझा डेस्कटॉप, मैदानाच्या कडेला कॅमेरे आणि समोर मोठा एलईडी पडदा. रनआऊटचं अपील झालं की थर्ड अंपायर माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहतो, मी रिप्ले लावतो आणि अख्खं मैदान श्वास रोखून पडद्याकडे बघतं. मागितला की रिप्ले मिळतो, एवढ्या एका भरवशावर मला गावोगाव बोलावणं यायचं.

तो भरवसा एका शेठनी एका दुपारीत धुळीला मिळवला. शेठ म्हणजे तिथल्याच एका गावचं बडं प्रस्थ. मिठागरं गेली, जमिनी गेल्या, शेठ बिल्डर झाले, आणि चषक त्यांच्या वडिलांच्या नावाचा. त्यांच्या स्पर्धेला नेहमीपेक्षा दुप्पट कॅमेरे हवे होते, म्हणून मी मुद्दाम मशीनमध्ये रॅमची दुसरी पट्टी घालायचं ठरवलं. एक आठ जीबीची होती, तसलीच आणखी एक घेतली. विमानतळाच्या रस्त्यावर डंपरांनी केलेल्या खड्ड्यांतून टेम्पो जाणार, म्हणून ती घरी न बसवता मैदानावर बसवायची होती. तिथे पोचून मी कॅबिनेटची बाजू उघडली, तेवढ्यात उद्घाटनाला शेठ आले. त्यांनी स्टंपची पूजा केली, माइकची केली आणि हात सैल सोडून माझ्या उघड्या मशीनवरही हळदकुंकू आणि मूठभर अक्षता उधळल्या. मी हात जोडले. मग फुंकर मारली, पट्टी खाचेत दाबली आणि कामाला लागलो.

फायनलच्या शेवटच्या ओव्हरमध्ये रनआऊटचं अपील झालं. मी रिप्ले लावला आणि पडद्यावरचं चित्र गोठलं. बॅट हवेत, बेल्स जागेवर, माऊस हलेना, काही हलेना. थर्ड अंपायर माझ्याकडे बघतोय, मी मशीनकडे. शेठनी कमेंट्रीवाल्याच्या हातातून माइक ओढून घेतला.

“जल्ला तुजा कंपुटर! आमचे म्हशीला शिकवला असता तर तिनं दावला असता रिप्ले. उचला रं ह्यो डबा, आपट्याचे नदीन टाका!”

मैदान हसलं. माझं लाईव्ह बंद पडलं होतं, पण लोकांच्या हातातले मोबाईल चालू होते. संध्याकाळपर्यंत ती म्हैस घरोघर पोचली. ठरलेली मैदानं एकेक करून सुटत गेली. कुणी म्हणालं, यंदा भाच्यालाच काम दिलंय. कुणी फोनच उचलला नाही. मासळीबाजारात पापलेट निवडत होतो, तर नेहमीची कोळीण पदराआड हसून म्हणाली, “दादा, परत अरकलाव क?” अडकलात का म्हणे! मी पापलेट तिथेच ठेवून आलो. इतकं जिव्हारी लागलं होतं.

घरी मशीन उघडून बसलो. सिस्टीमच्या पानावर मेमरी फक्त आठ दाखवत होती. सोळा बसवलेले, दिसतात आठ! दुप्पट कॅमेऱ्यांचं लाईव्ह, ग्राफिक्स आणि रिप्लेचं रेकॉर्डिंग एकाच वेळी चालणार असेल तर आठमध्ये जीव गुदमरणारच. विंडोजमध्ये मेमरीवर मर्यादा घालायची एक टिक असते, ती तपासली. नव्हती. विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या बायोसमध्ये शिरलो, तिथेही आठच. पट्ट्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासले. मग पट्ट्या अदलाबदल करून पाहिल्या. पहिल्या खाचेत कुठलीही घाला, मुकाट चालते. दुसऱ्या खाचेत कुठलीही घाला, दिसत नाही. म्हणजे पट्ट्या निर्दोष, खाच गुन्हेगार. बाजारातल्या दुकानदाराने नुसतं ऐकूनच निकाल दिला, “मदरबोर्ड गेला साहेब, नवीन टाका.” त्याचाही चेहरा मी लक्षात ठेवला आहे.

माझं मन मानेना. बायकोला मोबाईलचा टॉर्च धरायला लावला आणि तिच्या डब्यातली सुई घेऊन खाचेचा कोपरान्कोपरा टोकरायला लागलो. पार टोकाला, पट्टी पकडणाऱ्या खटक्याच्या बुडाशी काहीतरी लाल दिसलं. सुईने उचकटलं तर तांदळाची कणी. कुंकवात माखलेली, घट्ट रुतून बसलेली. तिच्यामुळे पट्टीचं ते टोक केसभर वर राहत होतं आणि मशीनला पट्टीचा पत्ताच लागत नव्हता.

“आपल्याकडच्या अक्षता असल्या भडक नसतात,” बायको म्हणाली.

शेठचा तो सैल सुटलेला हात माझ्या डोळ्यांसमोर आला. खरं सांगतो, त्या क्षणी मला राग आला नाही, आनंद झाला. सबंध मोसम मी मशीनवर, रस्त्यावर, स्वतःच्या नशिबावर चरफडत होतो. आता एक नाव मिळालं. पट्टी पुन्हा दाबली, दोन्ही बाजूंनी खटका बसला, मशीन चालू केलं. सोळा दिसले.

बायको म्हणाली, “आता जाऊन सांगा त्यांना.” काय सांगणार? तुमच्या अक्षतेने माझं मशीन बसलं म्हणून? आणखी एक म्हैस निघाली असती. मला तेच मैदान हवं होतं, तोच पडदा आणि तीच माणसं. त्यासाठी मी दुसऱ्या मोसमाआधी शेठच्या ऑफिसात गेलो आणि इतका वाकलो की कंबर दुखली. त्या आठवड्यात दुसरा लाईव्हवाला कुठेच मोकळा नव्हता, म्हणून शेठ म्हणाले, “ये. पन डबा नीट बगून आन.” मी हसून बरं म्हटलं. ते हसू कसं काढलं ते माझं मला ठाऊक.

या खेपेला पट्ट्या घरूनच बसवून नेल्या आणि उद्घाटनाआधी कॅबिनेटचे स्क्रू आवळून टाकले. शेठनी उधळलेल्या अक्षता पत्र्यावरून घरंगळून खाली पडल्या. मी पुन्हा हात जोडले.

फायनल शेठच्याच गावाची लागली. शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या होत्या, बरोबरी झाली तर चषक जास्त चौकार मारलेल्या दुसऱ्या गावाचा, आणि क्रीजवर शेठचा सख्खा पुतण्या. दुसरी धाव घेताना थ्रो आला, बेल्स उडाल्या, अपील झालं. मैदानातल्या अंपायरने रिप्लेसाठी हवेत चौकोन काढला. थर्ड अंपायर चहा प्यायला बाहेर गेला होता, तो धावत येईपर्यंत मी माझ्या लहान स्क्रीनवर पाहून घेतलं. बॅट रेषेपासून चांगली वीतभर लांब. आणि माझ्या खांद्यावर हात पडला. शेठ.

“भाऊ, बंद परला म्हनून सांग,” ते कानाशी म्हणाले. “रिप्ले नाय मिलला तं नॉटआऊट. गेल्या साली परलेलाच ना, कुनाला काय वाटनार नाय. पुडची सगली मैदानां तुजी. मी सांगतो सगल्या गावांना.”

मी खोटं बोलणार नाही, माझा हात थांबला. सुटलेली सगळी मैदानं डोळ्यांपुढून गेली. या माणसाच्या एका शब्दाने ती परत आली असती. पण त्यासाठी मी स्वतःच्या तोंडाने, तेवढ्याच लोकांसमोर, माझं मशीन डबा आहे म्हणून सांगायचं. वर्षभर जे खोटं ठरवायला दात-ओठ खाल्ले, त्यावर शिक्का मारायचा.

“शेठ, मशीन मस्त चालू आहे,” मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं, शेजारी कमेंट्रीवाल्याचा माइक उघडा होता.

रिप्ले लावला. एकदा नेहमीच्या वेगाने, एकदा सावकाश. मग बेल्स उडाल्या तिथे चित्र मुद्दाम थांबवलं आणि बॅट मोठी करून दाखवली. थर्ड अंपायरने आऊट दिल्यावरही मी ते चित्र पडद्यावरून काढलं नाही. दुसऱ्या गावची पोरं नाचत मैदानात शिरली. माझ्या खांद्यावरचा हात कधी निघाला ते कळलंही नाही. इतका गोड दिवस माझ्या आयुष्यात दुसरा नाही, लग्नाचा धरूनसुद्धा.

किंमत मोजावी लागलीच. शेठच्या धाकातली गावं मला अजून टाळतात. उरलेल्यांवर घर चालतं. शेठनी आपल्या चषकातून थर्ड अंपायरच काढून टाकला, म्हणे त्याने खेळाची मजा जाते. यंदाची फायनल बघायला मी मुद्दाम गेलो, दोरीबाहेर गर्दीत उभा राहिलो. शेठच्या गावच्या बॅट्समनविरुद्ध रनआऊटचं अपील झालं. अंपायरने नॉटआऊट दिलं. त्याच्याकडे कुणी बघितलंच नाही. सगळ्या माना मांडवात माझं टेबल असायचं तिकडे वळल्या. तिथे आता शेठची खुर्ची होती, आणि शेठ मान खाली घालून मोबाईल बघत होते.