वाढली म्हण

माझ्या लग्नात दोन बाया माझ्या हातांवरून भांडल्या, आणि दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती. एक माझी आई, दुसरी सासू.

आम्ही बंगाली. आजी-आजोबा पूर्व बंगालातून निघाले, छावण्यांत राहिले, मग सरकारने अर्जुनी मोरगावकडे जमीन दिली तिथे आमची वसाहत झाली. आई तेव्हा कडेवरची होती. तिचं सगळं आयुष्य या जिल्ह्यात गेलं, तरी मराठी तिच्या फाटकाबाहेरच राहिली. भाजीचा भाव करण्यापुरती हिंदी-मराठीची खिचडी, बस. "चूल पेटव" ऐकलं की ती अजूनही दचकते, कारण आमच्याकडे चूल म्हणजे केस. मी मात्र मराठी शाळेत शिकले आणि चिचगडकडच्या एका शेतकरी घरात स्वतःच्या मर्जीने लग्न करून गेले.

आमच्यात लग्न झालेली बाई दोन्ही हातांत शंखाची पांढरी बांगडी घालते, तिला शांखा म्हणतात. शेजारी एक लाल बांगडी. दोन्ही नवऱ्याच्या आयुष्यासाठी. सासूला लाल चाललं. पांढरं पाहून तिचा चेहराच उतरला. "पांढरी बांगडी कायले? नवरा जिता हाये ना तुहा?" तिच्याकडे सवाष्णीच्या हातात हिरवा चुडा. आणि आईने निघताना मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "ज्या दिवशी एका जरी हातात शांखा दिसणार नाही, त्या दिवसापासून तुझ्या घरचं अन्न माझ्या तोंडात जाणार नाही." माझी आई बोलते ते करते. बाबा गेल्यापासून तिला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. तरी बोलली. लोक हात दाखवून अवलक्षण म्हणतात, माझे तर हातच अवलक्षण ठरले.

मी शांखा ठेवली. सासू दळताकांडता पुटपुटायची आणि मला राग यायचा. अहो, मी तुमची बोली बोलते, तुमच्या देवापुढे दिवा लावते, दोन बांगड्या माझ्या राहिल्या तर कोणाचं काय जातं? हे तोंडावर बोलायची हिंमत नव्हती, म्हणून मी भांडी आपटायची.

लग्नानंतरच्या दुसऱ्या रोवण्याला आम्ही सगळ्या बाया चिखलात वाकून धान लावत होतो. पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची, जुडी घ्यायला मी वळले आणि डावा हात धुऱ्यावरच्या, बांधावरच्या दगडावर आदळला. पांढरे तुकडे चिखलात पडले.  नवरा ट्रॅक्टर घेऊन देवरीला गेलेला, आणि मनात नको ते येऊ लागलं. मी ओरडले, "फुटली, माय, फुटली."

सासू चिखल तुडवत आली आणि तिने चिखलाने भरल्या हाताने माझं तोंड दाबलं. "फुटली नोको म्हणू. वाढली म्हण."

 आमच्या घरातही शांखा फुटली म्हणत नाहीत. 'बेडे गेछे' म्हणतात. म्हणजे वाढली. इतकी वर्षं मराठी शिकले, पेपर सोडवले, पण हे मला कोणी शिकवलं नव्हतं. शाळेत कोण शिकवणार? सासूने स्वतःच्या हातातल्या दोन हिरव्या बांगड्या काढून माझ्या डाव्या मनगटात चढवल्या. "हात मोकळा नोको ठेवू," म्हणाली आणि परत वाकून धान लावायला लागली. संध्याकाळी नवरा धडधाकट घरी आला, तेव्हा मी त्याच्यावरच उगाच चिडले.

रोवणा संपला की वसाहतीत जाऊन नवी शांखा आणू असं ठरलं. त्याआधीच आई बसने येऊन उभी राहिली, न सांगता. मी डावा हात पदराआड घेतला, पण एका हाताने ताट कसं वाढणार? तिने हिरव्या बांगड्या पाहिल्या.  मी भात, वरण, कारल्याची भाजी समोर ठेवली, आणि ती ताटाकडे न बघता दाराबाहेर बघत बसली. मला वाटलं, संपलं. ही आता उठेल, आणि परत या घराची पायरी चढणार नाही.

सासू आतून आली. "इहीनबाई, काऊन जेवून नाही राहिल्या?"

आईने माझ्या हाताकडे बोट केलं. "शांखा किधर?"

"रोवण्यात वाढली जी."

आईने मान वर केली. "क्या बोला?"

"वाढली. आमच्यात फुटली म्हणत नाही."

आई माझ्याकडे वळून बंगालीत म्हणाली, "हेसुद्धा असंच म्हणतात?" मी मान डोलावली.  या जिल्ह्यात तिचे केस पिकले, आणि हा शब्द तिच्या कानावर आला नव्हता. कसा येणार? बाजारात वांग्याचा भाव कळतो, बांगडी फुटल्यावर बाई काय म्हणते ते तिच्या घरात बसल्याशिवाय कळत नाही. आणि आईला या गावांतल्या कोणी घरात बसवलं नव्हतं. तीही कोणाकडे गेली नव्हती.

सासू तिच्याजवळ जमिनीवर बसली. आईचं रिकामं मनगट तिने हातात घेतलं. आमची सासू तोंडाची फटकळ, मनात आलं ते विचारून मोकळी होणारी. "तुमच्या कधी वाढल्या?"

 बाबांच्या जाण्याबद्दल आईशी बोलायची माझीही छाती नव्हती.

 आई मराठीत बोलली, तुटक, पण सगळे शब्द मराठी. "माझ्या वाढल्या नाही. माझ्या फोडल्या. तलावावर. बायांनी विटेनं फोडल्या."

सासूने हात सोडला नाही. दुसऱ्या हाताने तिने भात कालवून पहिला घास आईसमोर धरला, आणि आईने तो घेतला.